पोट भरलेला कोळसा

३ मार्च

चि. चिमणीस, अ. उ. आ.

तुझा डबा पोचला. उघडून बघते तर आत बुटाचं पॉलिश! तीस वर्षं मी पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत कोळसा तपासला, आणि आता माझ्या सख्ख्या भावाची मुलगी तोच मला मलमात कालवून तोंडाला फासायला पाठवते. वर लिहिलंय, ‘त्वचेच्या खोलातलं विष ओढून काढतो.’ तुमच्या कारखान्यातल्या कुठल्या दिवट्यानं हे लिहिलं?

बये, ॲक्टिव्हेटेड चारकोल म्हणजे वाफेत तापवून बारीक भोकं पाडलेला कोळसा. त्या भोकांच्या भिंतींना जे येऊन टेकेल ते चिकटतं. कातडीच्या आत शिरून विष हुडकायला तो काही पोलीस नव्हे. भोकं भरली की त्याचं काम संपलं, आणि तुम्ही तर त्याला आधीच तेलात बुचकळता.

एक कर. दोन पेले पाण्यात निळ्या शाईचे चार-चार थेंब टाक. एकात कोरी कोळशाची पूड घाल, दुसऱ्यात तुझं मलम. ढवळ, तासाभरानं गाळ, आणि मग मला शहाणपण शिकव.

लोभ आहे तेवढा पुरे. वाढवायचीच तर अक्कल वाढव.

तुझी आत्या

९ मार्च

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

तो दिवटा मीच. पुढच्या सोमवारी त्या लेबलावर प्रयोगशाळेतर्फे माझी सही व्हायची आहे. ती झाली की मी विभागप्रमुख. पण तुला त्याचं काय? जन्मभर गढूळ पाण्यात हात घातलेस, तोंडाला कधी साधं क्रीम लावलं नाहीस. आई म्हणते, तुला कुणाचं बरं बघवत नाही.

लावल्यावर चेहरा स्वच्छ होतो, हे मी स्वतः पाहिलंय. आणि आमचा माल इतका उंची की मलमात घालण्याआधीच कोळशाला गुलाबाचा मंद वास येतो! शाईचे खेळ शाळकरी पोरांना शिकव.

माया तुझ्या सोयीनं कर. नमस्कार आहेच.

तुझी भाची

१२ मार्च

चि. चिमणीस, अ. आ. (‘उत्तम’ मुद्दाम गाळलंय.)

कोळशाला गुलाबाचा वास! हसून हसून पोट दुखलं. अगं, अत्तरांच्या कपाटाशेजारी पोतं उघडं टाकलंयस ना? हवेतला वास पिऊन तो तट्ट फुगलाय. आता काय डोंबल ओढणार? आणि चेहरा स्वच्छ होतो तो मलमातल्या साबणानं. कोळसा नुसता मिरवायला.

आता हसणं पुरे. एकदा मीही सही केली होती. पाणी शुद्ध करायच्या केंद्रातला कोळसा भरून गेलेला, नवा यायला महिना होता. साहेबांनी चांगला आहे असं लिहायला सांगितलं, मी लिहिलं. महिनाभर घरच्या नळाला औषधासारखा वास यायचा आणि मी तुझ्या आजोबांना म्हणायची, तुमचं नाकच बिघडलंय. माझ्यावर विश्वास ठेवून ते प्यायचे. झालं काही नाही त्यांना. पण पेला रिकामा करून माझ्याकडे बघून हसायचे, ते हसू मला अजून बघवत नाही. आईला सांग, तिचं बरोबर आहे.

सही तुझी आहे. मी काही म्हणत नाही.

आत्या

१७ मार्च

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

काल सभेत टेबलावर तीन पेले मांडले. सीलबंद डब्यातल्या कोळशाचं पाणी नितळ झालं. आमच्या पोत्यातल्या कोळशाचं निळंच राहिलं. मलमाच्या पेल्याचं तर नावच नको. विक्रीवाल्या साहेबांनी विचारलं, गिऱ्हाईक काय तोंडाला शाई लावून येतं का? सगळे खदाखदा हसले. मी सही केली नाही.

साहेबांनी कागद शेजारच्या टेबलावर सरकवला. तिथल्या बाईंनी माझंच पेन मागून घेतलं आणि सही केली. आता विभागप्रमुख त्या. डबे पुढच्या आठवड्यात दुकानात येतील. वाक्य माझंच आहे आत्या, ते काही मला परत घेता आलं नाही.

रागावली असशील तर तसं लिही, पण लिही.

तुझी चिमणी

२१ मार्च

चि. चिमणीस, अ. उ. आ.

‘उत्तम’ परत घातलंय, बघितलंस ना? ते वाक्य आता तुला जन्मभर टोचणार; टोचू दे.

सही करणाऱ्या त्या बाईंचा पत्ता पाठव. त्यांना आत्या नसावी.

तुझी आत्या