आखाजीपर्यंत चिंगीला शिस्त

१२ एप्रिल
मेहुण्याचा, उखाचा, अमळनेरहून फोन. माझी बायको सुषमा गेल्यानंतरची ही पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, म्हणून तिच्या नावाचं डेरगं, गेलेल्या माणसासाठीचं पाण्याचं मडकं, भरायला तो सुरतला येणार. साधी घागर नको, मोठं मडकं आणा म्हणाला. ते मला माहीत आहे. शेवटी म्हणाला, "आनि दाजी, ते मांजर काढी टाका. बहीणना ताटले मांजर शिवनं, त ती उपाशी जाई."
मी सांगितलं, चिंगी सुषमाची आहे, इथंच राहील. त्यानं अट घातली: ताटाला तोंड लावलं तर तो स्वतः तिला बाहेर सोडून येईल. मान्य केलं. मला मांजरांची आवड नाही. प्रश्न तत्त्वाचा आहे.

१३ एप्रिल
आजपासून शिस्त. दूध सकाळी एकदाच. सचिन गावच्या कापड मिलमध्ये घड्या घालणारं अख्खं फोल्डिंग खातं माझ्या नजरेवर चालायचं. मांजर तर एकच आहे.

दुपार. आंघोळ घातली. हातांवर ओरखडे. सुनेला, दिपालीला, सांगितलं की गुलाबाचे काटे लागले. ती म्हणाली, "पप्पा, आपल्याकडे गुलाब क्यां छे?" पोरगी शिकलेली आहे, पण फार प्रश्न विचारते.

१६ एप्रिल
चिंगी सुषमाच्या जुन्या सुती साडीवर झोपते. केस लागतात. साडी धुऊन कपाटात ठेवली. ती कपाटापुढं बसून संध्याकाळपर्यंत ओरडली. साडी परत काढून दिली. घाबरलेल्या जनावराला शिस्त लागत नाही. त्यामुळे ही माघार नव्हे.
दूध तीनदा दिलं. उन्हाळा आहे.

२० एप्रिल
सराव. पाटावर खीर ठेवली, समोर वर्तमानपत्राची गुंडाळी घेऊन बसलो. चिंगीनं वास घेतला आणि मागं फिरली. पूर्ण यश! दिपालीला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "पप्पा, आत्ता तुमच्याच हातानं वाटीभर मलाई खाल्ली तिनं. पोट भरेलुं छे."
यश ते यश.

२४ एप्रिल
जंतांची गोळी. डॉक्टर म्हणाले, जबडा उघडून जिभेमागं टाका, सोपं आहे. गोळी कोचामागं सापडली. उद्या पुन्हा.

२५ एप्रिल
गोळी माझ्या चपलेत सापडली. सुषमा कशी द्यायची ते विचारून ठेवायला हवं होतं.

२९ एप्रिल
उखा आला. आल्या आल्या मी चिंगीला जेवायला बोलावताना त्यानं ऐकलं. म्हणाला, "मनी बहीणसंगे इतलं गोड कधी बोलनात का, दाजी?" प्रवासानं थकला होता. त्याला चहा दिला.

३० एप्रिल, आखाजी
डेरगं भरलं, वर खरबूज ठेवलं. पुरणपोळी, आमरस, खीर. उखानं पितरांच्या नावानं निखाऱ्यावर घास टाकला. सुषमाच्या नावानं जेवायला शेजारच्या शोभाबाई यायच्या होत्या. त्या दारात पाय धूत होत्या, एवढ्यात चिंगी चालत आली, पाटासमोर बसली आणि ताटातली खीर चाटू लागली. माझ्या देखत. सावकाश.
उखा उठला. मी आडवा झालो. म्हटलं, खबरदार. कावळा शिवला की सगळे म्हणता माणूस जेवून गेलं, मग मांजरानं काय घोडं मारलंय? ती सुषमा आहे. आपल्या ताटात जेवते आहे. हात लावून दाखव.
एवढ्या मोठ्यानं मी या घरात कधी बोललो नसेन. शोभाबाई रडल्या आणि चिंगीला हात जोडले. दिपालीनं कुंकू लावलं. उखा खाली बसला, डोळे पुसले. म्हणाला, "खरं शे, दाजी."
जिंकलो.

संध्याकाळ. उखानं बाजारातून झाकणाची टोपली आणली. कशाला, विचारलं. म्हणाला, "दरसाल आखाजीले मी बहीणले लेवाले येस. यंदा बी लई जास."
मी म्हटलं, अरे, ते मांजर आहे. त्यानं टोपलीचं झाकण उघडलं. शोभाबाई म्हणाल्या, "भाऊ, आखाजीला लेकीला माहेरी जाऊ देत नाही असं कुठं असतं का?" दिपालीनं टोपलीत नारळ आणि खण ठेवला.

१ मे
दोघं उधना स्टेशनवरून सकाळच्या गाडीनं गेले. घर स्वच्छ वाटतं. कपड्यांना केस नाहीत. उत्तम.

२ मे
उत्तम.

५ मे
उखाला फोन केला, गोळीची आठवण करून द्यायला. म्हणाला, गोळी पहिल्याच दिवशी गुळात दिली, घेतली. खाते, झोपते, अंगणभर फिरते. अजून काही आहे का, असं मी दोनदा विचारलं. तो हसला. "माहेरले वनी ती, आते सासरनी याद कोन काढस?"
परवाचं अमळनेरचं तिकीट काढलं. मे महिन्यात तिकडची हवा चांगली असते.