अनानसानचा काळा

४ नोव्हेंबर

बेप्पूला, गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावाला, पोचले. स्टेशनबाहेर पाऊल टाकलं तोच गटाराच्या जाळीतून वाफ आली आणि चष्मा पांढराफटक झाला. दोन्ही हातांत बॅगा, समोरचं काही दिसेना, आणि मी आपली उभ्या उभ्या हसतेय. ओसाकातला पिक्चर ट्यूबचा कारखाना बंद पडल्यापासून असं उगाचच हसू आलं नव्हतं.

एतोबाई स्वतः न्यायला आल्या होत्या. साठी उलटलेली, ठेंगणी बाई, चालता चालता अखंड बोलणारी. डोंगराकडच्या गल्लीत त्यांचं गेम सेंटर, त्याच्या माडीवर माझी खोली. खिडकीतून समुद्राची एक चिरी दिसते. जेवायला जमिनीतल्या वाफेवर उकडलेली अंडी, रताळी आणि कोंबडीची गरमागरम भजी. पोट तुडुंब.

खाली ओळीने मशीनं आहेत, सगळी जाड काचेच्या पडद्यांची. असे पडदे आता कुणी बनवत नाही, म्हणूनच मला इथे बोलावलं. दाराशेजारचं विमानांच्या लढाईचं मशीन सगळ्यांचं लाडकं, आणि नेमकं तेच आजारी. चित्र आक्रसलंय, वरच्या कडेला दुमडतंय. आधीचे कारागीर अनानसान वसंतात वारले. त्यांचा हात लागलेलं हे शेवटचं मशीन. एतोबाई म्हणाल्या, आता ते तुमचं, किरियामासान. ऐकून बरं वाटलं. कारखान्यात आयुष्य ट्यूबा तपासण्यात गेलं, पण त्यातली एकही कुणी मला 'तुमची' म्हणून दाखवली नव्हती.

६ नोव्हेंबर

सकाळी मशीनची पाठ उघडली. बंद असली तरी ट्यूब वीज धरून बसते, म्हणून आधी काचेवरच्या रबरी टोपीखाली स्क्रूड्रायव्हर सरकवून ती वीज जमिनीत उतरवली. चट् असा आवाज आला की मला नेहमी समाधान वाटतं. सुकलेले कपॅसिटर काढून नवे बसवले, सांधे परत डागले. दुपारी चालू केलं तर चित्र ताठ, पसरलेलं, स्वच्छ.

पहिला डाव कुगिमियासान खेळले. टॅक्सी चालवतात, गिऱ्हाईक नसलं की इथेच पडीक. खेळून उठले आणि म्हणाले की काम छान झालंय, पण अनानसानचा काळा काही वेगळाच होता. "आकाश असं काळं असायचं बघा, की हात घातला तर कोपरापर्यंत ओला होईल!"

मी हसले. एतोबाईही हसल्या, पण त्या कुगिमियासानकडे बघून.

९ नोव्हेंबर

अनानसानचा काळा. अनानसानचा लाल. अनानसान नुसता कान लावून सांगायचे म्हणे, कुठला पार्ट जाणार ते. आज तर पोस्टमनसुद्धा पार्सल देता देता सुरू झाला.

त्यांच्या चपला अजून मागच्या दाराशी आहेत. एतोबाई रोज झाडताना त्या उचलतात, खालचं झाडतात आणि परत जागच्या जागी ठेवतात. मी पाहतेय हे त्यांना ठाऊक नाही.

ते डावखुरे होते. भिंतीवरच्या हत्यारांच्या खिळ्यांवरूनच कळतं, सगळं उलट्या बाजूला. आज खिळे उपटून हत्यारं उजवीकडे घेतली. एतोबाईंनी भिंतीवरच्या भोकांकडे पाहिलं आणि चहा ओतला. माझ्या कपात कमी पडला, असं मला वाटलं. इतकी क्षुद्र मी कधीपासून झाले?

१२ नोव्हेंबर

एक गोष्ट केली आहे. इथेच लिहिते, दुसरीकडे कुठे बोलायची सोय नाही.

विमानांच्या मशीनची ट्यूब म्हातारी झाली होती हे खरं, पण अजून वर्षभर चालली असती. मी एतोबाईंना सांगितलं की ती संपली, बदलायलाच हवी. कोठारात त्याच मापाची एक न वापरलेली सापडली. एतोबाई म्हणाल्या, जुनी टाकू नका हं, माझ्या खोलीत ठेवीन. मी म्हटलं, भंगारवाला घेऊनही गेला.

नव्हता नेला. ट्यूब मागच्या अंगणात होती. मी पक्कड घेतली आणि तिच्या मानेची नळी मोडली.

ट्यूबच्या आत हवा नसते. मान मोडली की बाहेरची हवा सूं करून आत शिरते आणि क्षणात थांबते. हजारदा ऐकलेला आवाज. ही थांबेना. हळूहळू, खोलवर ओढत राहिली, एखादा माणूस खूप वेळ पाण्याखाली राहून वर आल्यावर श्वास घेतो तशी. मग थांबली. आणि मी वाट बघत राहिले की आता सोडेल.

सोडला नाही.

१३ नोव्हेंबर

नवी ट्यूब बसवली. तिन्ही रंग एकावर एक आणून पांढरी रेघ जुळवायची, हे माझं हातखंडा काम. डाव्या कडेला मात्र लाल फाकतच राहिला. कंटाळून चहाला उठले. परत आले तर रेघ दुधासारखी पांढरी. आणि त्यामागे काळा. मी असा काळा कधी पाहिला नाही. खरंच हात घालावासा वाटला.

कुगिमियासान डाव अर्धा सोडून ओरडले, "अहो, अनानसान परत आले की हो!" एतोबाई धावत आल्या आणि तोंडावर हात धरून रडू लागल्या.

मी म्हटलं, मी केलंय ते. दोघांनी मान डोलावली, लहान मुलाने चित्र दाखवल्यावर डोलावतात तशी.

१६ नोव्हेंबर

आणखी दोन मशीनं उजळली. लोक गल्लीपलीकडून बघायला येतात. सगळं मीच करते, पण करताना मधले तुकडे आठवत नाहीत. हत्यारं परत डावीकडच्या भोकांत अडकवलेली असतात, नवे खिळे ठोकून. एतोबाईंना विचारलं, त्या नाही म्हणाल्या.

गल्लीतल्या सार्वजनिक स्नानगृहात शेजारी बसलेल्या आजीबाईंनी विचारलं, पोरी, तू डावखुरी का गं? मी खाली पाहिलं. पाठ घासायचा कपडा डाव्या हातात होता. बोटांवर डाग देताना भाजल्याचे चट्टे, कळकट, जुने. माझे नव्हेत.

१८ नोव्हेंबर

एतोबाईंनी भजी आणली, वर मोहरीची झणझणीत चटणी थापलेली, अनानसानना आवडायची तशी. मला ती सोसत नाही, त्यांना माहीत आहे. तरी समोर बसून बघत राहिल्या. डाव्या हाताने काड्या उचलल्या आणि सगळं संपवलं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्या पाहत होत्या तो हात. त्या नजरेनं माझ्याकडे आजवर कुणी पाहिलेलं नाही, आईनेसुद्धा नाही.

भीती वाटायला हवी. वाटतेही. पण त्याहून आधी जे पोटात पेटलं ते वेगळंच होतं. माझ्याच अंगाला लागलेल्या हाताचा मला हेवा वाटला.

२० नोव्हेंबर

डावा हात कमरेला बांधला. नुसत्या उजव्याने एक पडदा जुळवला. बरा झाला. बराच बरा झाला. कुगिमियासान म्हणाले, "आज काय मूड नाही वाटतं?" कुणाचा, ते बोलले नाहीत.

एतोबाईंनी गाठ सोडली. हात मांडीवर घेऊन चोळला, बोट न् बोट. मी म्हटलं, मला ओसाकाला जायचंय. त्या गोड हसल्या.

"जा ना, किरियामासान. हात तेवढा ठेवून जा."

थट्टाच असणार. पण हसताना त्यांनी हात सोडला नाही.

२१ नोव्हेंबर

बस गाठली होती. चढताना डाव्या हाताने दांडा धरला आणि सोडलाच नाही. ड्रायव्हर खेकसला, बाई, आत तरी या नाहीतर खाली उतरा! उतरले. पायही मग गल्लीकडेच—

विमानांचा काळा इथवर दिसतो. दुपारच्या उन्हात.

२२ नोव्हेंबर

ठरलं. मशीन चालू असताना टोपीखाली हा हात घालायचा. हजारो व्होल्ट. जळेल तर जळू दे. एतोबाई सकाळच्या आंघोळीला गेल्या की—

तोच दिवस, सकाळ.

जात नाही. ढकलते तरी हात आत जात नाही. उलट त्याने वीज उतरवायची तार जमिनीला जोडली, नीट, सवयीने. फार जपून काम करतो तो. स्वतःला कधी चटका लागू देणार नाही.

वही मशीनच्या बटणांवर ठेवून लिहितेय. पडदा चालू आहे. आता त्याने तार काढली. का काढली—

उजवं मनगट धरलंय. ट्यूबची मान मोडणारी पक्कड याच हातात होती, त्याला माहीत आहे. ओढतोय. लिहू देतो, मग ओढतो. टोपी उघडी आहे.

एतोबाई आल्या. ओले केस, दारात उभ्या. मी ओरडले, हे मी नाही, बघा, हे मी करत नाहीये! त्या म्हणाल्या, ठाऊक आहे. किती सुरेख चालतो ना हात त्यांचा.

त्याच्याकडेच बघताहेत. अजूनही. मी इथे आहे, एतोबाई, एकदा तरी माझ्याकडे—