दगडीपाल्याचा दहा मिलिमीटरचा गोल

नांदेड

ती. गुणाआत्यास पुनमचा नमस्कार.

तू, मामा आणि म्हैस खुशाल असाल. (आई म्हणते मामांना म्हशीच्या आधी लिही. लिहिलंय.) मी बरी आहे; माझा प्रयोग मात्र आजारातून नुकताच उठला.

तू चाकूरहून दिलेलं, जखमेवर बांधतात त्या दगडीपाल्याचं पोतं घेऊन बसमध्ये बसले, तर तीन बायांनी भाजी म्हणून भाव विचारला. इथे पाला सावलीत वाळवायचा, म्हणून खोलीभर पेपरवर पसरला. माझ्यासोबत राहणारी उमैमा उन्हातून आली आणि तिने पंखा थेट पाचवर टाकला. दोन दिवस आम्ही पाला गाद्यांतून, वह्यांतून आणि तिच्या केसांतून वेचत राहिलो. मग दळायला मेसचा मिक्सर मागितला. धुऊन दिला, शप्पथ! तरी दुसऱ्या दिवशीची शेंगदाण्याची चटणी हिरवी निघाली आणि मेसवाल्या गौसियाबी म्हणाल्या, "बेटी, तुमची दवा तुमच्या बशीत ठेवा, माझ्या चटणीत न्हाई."

आता बशीचं सांगते. काचेच्या बशीत जखम चिघळवणारे जंतू वाढवायचे. वर अर्कात भिजवलेली कागदाची टिकली ठेवायची. औषध लागू पडलं तर टिकलीभोवती जंतू वाढत नाहीत, स्वच्छ गोल दिसतो. पाण्यातल्या अर्काने काहीच झालं नाही. स्पिरिटमधल्या अर्काने मात्र चौदा मिलिमीटरचा गोल पडला! मी आबांना फोन केला आणि आबांनी पारावर सांगून टाकलं की पोरीने औषध शोधलं. मी पेढे घेऊन कॉलेजात प्रयोग शिकवणाऱ्या आनंदराज सरांकडे गेले. सरांनी पेढा खाल्ला, बशी बघितली आणि हळूच विचारलं, "नुसत्या स्पिरिटची टिकली कुठाय?"

ती ठेवलीच नव्हती. ठेवली, तर तिचाही गोल चौदाचाच. म्हणजे जंतू स्पिरिटने मारले होते आणि मान तुझ्या पाल्याला मिळाला होता. मी लई रडले. (उमैमाला वाटलं घरचं कोणी गेलं. तिने पाणी दिलं, कारण ऐकलं आणि पेला परत घेतला.)

सर म्हणाले, "टिकल्या पूर्ण वाळव, स्पिरिट उडू दे, मग ठेव." तसं केलं. नुसत्या स्पिरिटचा गोल गेला आणि पाल्याचा दहाचा राहिला. पुन्हा केलं, दहा. तिसऱ्यांदाही दहा. आत्या, तुझ्या पाल्यात खरंच काहीतरी हाय! आता ते नेमकं काय, हे शोधायला सरांनी मला वर्ष दिलंय.

तुझी,
पुनम

ता. क. : आणखी पाला लागेल. मंगळवारी लातूरच्या स्टँडवर तूच घेऊन ये, मीही येते.

ता. क. २ : खोटं बोलले. पाला इथे कंपाउंडमागे ढिगाने उगवतो. मामांनी तुझ्या पायाचं सांगितलं. अंगात साखर, जखम तीन आठवडे ओली, आणि तू पालाच बांधून राहिलीस. दवाखाना म्हटलं की "रेंज न्हाई" म्हणून फोन ठेवतेस, म्हणून हे पत्र. बशीतला गोल बशीतच असतो, आत्या. पायावर काय होतं ते मला अजून ठाऊक नाही. आणि त्याच बशीत डॉक्टरांच्या औषधाचा गोल चोवीसचा आहे. मंगळवारी स्टँडवरून थेट दवाखान्यात जायचं. ताप आला किंवा पाय काळा पडला तर मंगळवारचीही वाट बघायची नाही.

ता. क. ३ : मामा, हे तुम्हीच वाचून दाखवत असाल. ती मधेच उठून चुलीकडे गेली, तर मागोमाग जाऊन वाचा.