मैनाच्या दुधाचा वास

२ डिसेंबर, मंगळवार
मक्याच्या दारूची पहिली बाटली निघाली. माडीवर, जुन्या कुकरातून. दिवसभर शिरोलीच्या कारखान्यात लोखंड वितळवायचं आणि घरी येऊन हे धंदे. चव जळकट, पण आपण केलेली! संगीताला सांगितलंय, व्हिनेगर करतोय. बायकोने लगेच खरं मानलं, ते बरं नाही वाटलं.
उरलेला चोथा गटारात टाकवेना. धान्य आहे शेवटी. मैनाच्या पेंडीत मिसळला. म्हशीने घमेलं चाटूनपुसून साफ केलं.

४ डिसेंबर, गुरु.
कालही घातला. आज आबा दूधकट्ट्यावरून लवकर परत. म्हैस समोर उभी करून गिऱ्हाइकाच्या पेल्यात धार काढायची, पाण्याचा संशयच नको, हा माझ्या बापाचा आयुष्यभराचा तोरा. आज रोजचं गिऱ्हाईक असलेल्या देसाईकाकांनी एक घोट घेऊन पेला खाली ठेवला. "आबा, दुधाला दारूचा वास मारतोय की." सगळ्यांसमोर. आबांनी मैनाच्या पाठीवर हात ठेवून शपथ घेतली, "माझ्या घरात थेंब न्हाय."
आबा घरी येऊन हे सांगत होते, मी चहा पीत ऐकत होतो. पीतच राहिलो.

५ डिसें., शुक्र.
आबांनी संगीताला धरलं. "वैरण तूच घालतीस न्हवं?"
"पेंड खराब झाली असंल, आबा. चुकलं माझं."
मी तिथंच, बुटाची नाडी बांधत. एवढं वाकून कधी बांधली नव्हती. जिन्यात ती हळूच म्हणाली, "झालं व्हय व्हिनेगर?" बस्स, एवढंच. तिला कळलंय. थू माझ्यावर.

७ डिसें., रवि.
सकाळी सगळं मोरीत ओतलं. घरभर वास. आबा बादली घेऊन आले, मोरीपाशी थांबले. शिव्या घातल्या असत्या तर सोसल्या असत्या.
"आज सांजच्याला मैनाला घिऊन कट्ट्यावर तू जा. पैला पेला देसायास्नी. त्यांनी इचारलं की सांग."
काय सांगायचं, ते बोलले नाहीत.
दुपारी थोडी धार काढून चाखली. वास अजिबात नाही. म्हणजे काका विचारणारही नाहीत. गप्प बसलो तरी निभावेल. दोष पेंडीवर खपेल, संगीतावर खपेल...
खाली ती मैनाला धुतेय. आबा कपडे करून बसलेत, म्हणजे तेही येणार. संगीता हाक मारतेय, "येताय न्हवं?"