घरोघरी नळ आल्यावर

इंदोरा, नागपूर

कुहीच्या बंगल्यात राहणाऱ्या तुळसाबाईले इंदोऱ्याच्या शेवंताचा जयभीम.

पत्र पाहून घाबरू नको, कोणी मेलं नाही. तुही तब्येत बरीच असन. तुले कधी काही होत नाही, उतरते तो तुह्या सुनेचा चेहरा. माहे गुडघे जिथल्या तिथं आहेत, फक्त आवाज करतात. नवा चष्मा केला म्हणे तू. (काडी जाड आहे आन् नाक त्याच्यात हरवलं, असं लोकं सांगतात. मी पाहिला नाही.)

फोन तू उचलत नाही म्हणून लिवून राहिली. इथल्या साऱ्या बायकांले तू सांगतलं म्हणे, का शेवंतानं मले तोडलं. मोबाइलवरच्या त्या मोठ्या ॲपवर, तुह्या हिरव्या साडीच्या फोटोखाली मी लिवलं होतं, ‘साडी नवी, बाकी सारं जुनंच.’ तू उलटून बोलली, आन् त्याच दिवशी मी तिथून गायब. तुले वाटलं, पळाली. बाई, मी आजपावतर कोणापुढं पळाली? झालं असं, का माह्या नातीले, दीक्षाले, त्या ॲपचा राग आला. कम्प्युटर शिकलेली पोरगी. म्हणे, आजी, साऱ्या दुनियेच्या गोष्टी एका मालकाच्या हाती काहून द्यायच्या? तिनं घरातल्या साऱ्यांची खाती बंद केली (मी आंघोळीले गेली होती) आन् डब्याएवढं एक यंत्र आणून फ्रिजवर ठेवलं. आता आपलं खातं आपल्याच घरात. दुसऱ्यांचे डबे दुसऱ्यांच्या घरी, पण साऱ्या डब्यांतून एकमेकांशी बोलता येते. मालक कोणीच नाही.

मी म्हटलं, समजलं. घरोघरी नळ.

तुले याद असन, आपल्या गल्लीच्या तोंडाशी एकच नळ होता. पाणी यायच्या आधीच पितळेच्या गुंडांची, घागरींची लाइन लागे, आन् तुह्या गुंडानं माह्या गुंडाले मागं सरकवलं नाही, असा दिवस गेला नाही. तुह्या सासूपासून माह्या माहेरापावतर सारं त्या नळावर धुऊन निघे. मी बाळंतीण होती तवा माहं पाणी तूच भरलं, आन् मी उठून बसल्याबरोबर त्याच्यावरूनच भांडली. मंग कारपोरेशननं घरोघरी नळ दिले. आपण पेढे वाटले. थोडे दिवस गेले आन् ध्यानात आलं, का गुंड तं भरले, पण तोंडात शब्द साचून राहिले. सांडायले जागाच नाही. मंग तू पोराच्या नोकरीपायी कुहीले गेली. ते मोठं ॲप आलं तवा मले वाटलं, नळ परत आला.

या नव्या ठिकाणी लोकं लय सभ्य. परदेशातला एक म्हातारा रोज आपल्या बागेतल्या मुळ्याचा फोटो टाकते. मी लिवलं, मुळा आहे का उंदराचं शेपूट? मोबाइलनं त्याच्या भाषेत करून दिलं, आन् त्यानं मले धन्यवाद दिले. म्हटलं, पाणी कमी घाल, बुड सडवशीन. पुन्हा धन्यवाद. असल्या माणसाशी भांडावं कसं? एका बाईले तिच्या पोळीवरून बोलली, तं दीक्षानं माहं लिवलेलं पुसलं. इथं कोणाचा अपमान करायचा नाही, असा नियम आहे म्हणे. नियम कोणाचा? तिचाच! म्हटलं, काहून वं, मालक कोणीच नाही म्हणत होती न? फ्रिज माहा, बिल माहं, आन् तोंडही माहंच बंद.

तू म्हणशीन, शेवंताले करमत नसन. करमते. टीव्ही आहे. (उलटून बोलत नाही, एवढाच त्याचा दोष.)

तवा तू इकडं ये. दीक्षा तुहंही खातं काढून देते. नियमाचं मी पाहून घेईन. तुले बोललेलं अपमानात येत नाही, हे तिले समजावून ठेवलं आहे.

लेकरांले आशीर्वाद, सुनेले धीर.

अजून न हरलेली,
शेवंता

ता. क. – म्हाताऱ्यानं पाणी कमी केलं. मुळा मनगटाएवढा झाला. माणूस चांगला आहे, पण काही उपेग नाही.

ता. क. २ – मोठ्या ॲपवर मोराचा फोटो लावलेली मयुरा नावाची सीताबर्डीची पोरगी तुह्या हरेक फोटोखाली वाकडं लिवते. तिले काढून टाकीन, अशी धमकी तू काल दिली. काढू नको वं. दीक्षाले यातलं काही माहीत नाही. आन् ती पोरगी नाही. तिचेही गुडघे आवाज करतात.