फंडाची हळद

पनवेल, २१ मे १९६१

चि. जगन, आशीर्वाद.

स्वतःच्या हळदीला बँड आणि शंभर पानांचं मटणाचं जेवण हवं, म्हणून तू कारखान्यातली कायमची नोकरी सोडलीस? नोकरी सुटली की प्रॉव्हिडंट फंड हातात येतो, हे मीच तुला समजावलं होतं. पण ते साठाव्या वर्षासाठी रे, तेविसाव्या नव्हे! कंपनीचा वाटाही बुडाला. बा सत्तरीत मिठागरात टोपल्या वाहतो, ते रोज बघूनही तुला म्हातारपणाची भीती कशी वाटत नाही?

काल मांडवातही मी हे बोलून दाखवलं. बा नाचत होता. थांबून मला, शाळामास्तर झालेल्या थोरल्या पोराला, म्हणाला, "मास्तर, तुजा फंड तू सांबाल. माज्या पोरानं मना आज नाचवला."

मी चिडून घरी आलो आणि हे लिहायला बसलो. पण वीस वर्षं मी पोस्टात पैसे टाकतो आहे, ते माझ्याच म्हातारपणासाठी. बाचं म्हातारपण डोळ्यांसमोर चालू होतं. टोपली खाली ठेव, असं मी त्याला एकदाही म्हटलं नाही.

तरी सोमवारी कारखान्यात जा, परत घेतात का विचार. हे पत्र मात्र टाकत नाही, तोंडानेच सांगेन. आधी बाची टोपली उतरवून येतो.

तुझा,
दादा