माझ्या गैरहजेरीची तालीम

२१ जुलै १९९७, सोमवार. सकाळी सहा.
सुट्टीचा पहिला आठवडा पाहुण्यारावळ्यांत फुकट गेला. आजपासून शिस्त.

यावेळची पोस्टिंग वरती, काश्मीरला. म्हणजे फिल्ड. फॅमिली नेता येत नाही, पुढची सुट्टी कधी ते साहेबालाही माहीत नाही. मी गेल्यावर सुरतेतल्या या घराचं काय होणार? घरात माणसं तीन. म्हातारी माय, बायको तारा आणि पाच वर्षांची सोनाली. एकीलाही फॉल-इन म्हणजे काय ते ठाऊक नाही.

अजून एक गोष्ट. ही कोणाला सांगायची नाही. मागच्या सुट्टीत मी ट्रंक घेऊन दारात उभा राहिलो, तर सोनाली आत पळाली आणि आईला म्हणाली, कोई अंकल आव्या छे. गुजरातीत. सख्ख्या बापाला. तेव्हाच ठरवलं. यावेळी स्टेशनवर ही पोरगी माझ्या गळ्यात पडून रडली पाहिजे. रडली म्हणजे बाप ओळखला.

२३ जुलै, बुधवार.
गॅसचा बाटला बदलण्याचं ट्रेनिंग. ताराला समोर उभं केलं, एकेक स्टेप मोठ्याने सांगितली. रेग्युलेटर बसेना. माल खराब. वास सुटला तशी मायने खिडक्या उघडल्या आणि शेजारणीलाही बिडी विझवायला सांगून आली. ताराच्या मांडीवर साड्यांचा ढीग होता, जादा धागे कापायचं काम ती घरी आणते. तिने कात्री बाजूला ठेवली, उठली, एका हाताने खट्‌कन बसवला आणि परत धागे कापायला बसली.
मी म्हटलं, असंच दाखवत होतो. तिने मानही वर केली नाही. ही बाई बोलत नाही तेव्हा माझं डोकं जास्त फिरतं.

२६ जुलै, शनिवार.
सोनालीच्या शाळेत गेलो. बाई गुजरातीत सुरू झाल्या, मी हिंदीत. दोघांच्या मधे सोनाली दुभाषी. बाईंनी तिला विचारलं, हे कोण? ती म्हणाली, आमच्याकडे राहायला आलेत.
तळपायाची आग मस्तकात गेली. संध्याकाळी तिला ओट्यावर उभं करून सॅल्यूट शिकवला. हात खाली आला की पुन्हा पहिल्यापासून. रडली. पण हे रडणं वेगळं, ते मी धरत नाही.
माय म्हणाली, भाऊ, पोर शे ती, शिपाई नही. मायला काय कळतं.

२९ जुलै, मंगळवार.
गल्लीच्या नळावर बायकांची रोजची झुंबड. मी सगळ्यांना एका ओळीत उभं केलं, हंड्यांवर खडूने नंबर टाकले. नंबर टाकून होईपर्यंत पाणी गेलं. महानगरपालिकेचा ढिसाळ कारभार. बायका मात्र माझ्यावरच उखडल्या. एकीने ताराला विचारलं म्हणे, तुझ्या घरवाल्याची सुट्टी कधी संपते. तारा हसली. हसण्यासारखं त्यात काय होतं ते तिलाच विचारायला हवं.

१ ऑगस्ट, शुक्रवार. दुपार.
इलाज सापडला. फौजेत खऱ्या कामगिरीआधी एक्सरसाइज होते. तशी इथेही होणार. सोमवारपासून पंधरा ऑगस्टच्या शुक्रवारपर्यंत मी पोस्टिंगवर गेलो असं धरायचं आणि घराने माझ्याशिवाय चालून दाखवायचं. मुक्काम सुरतेतच, कतारगामला, हिलालच्या खोलीवर. हिलाल माझा पारोळ्याचा शाळासोबती, लूमवर कापड विणणारा कारागीर. त्याची बायको-पोरं गावी, खोली मोकळी.
माझा अंदाज, बुधवारपर्यंत घर मेटाकुटीला येईल. निरोप येईल. मग मी जाऊन एकेक चूक समजावून सांगेन.
ताराने विचारलं की तालमीत निरोपही खराच घ्यायचा का. मी म्हटलं, सगळं खऱ्यासारखं. अर्धवट केलं तर उपयोग काय?

४ ऑगस्ट, सोमवार.
निघालो. ट्रंक, बेडिंग, पूर्ण युनिफॉर्म. ताराने हातावर दही ठेवलं, मायने बोटं मोडून आलाबला घेतली. आणि तारा रडली. खरंच रडली, पदर तोंडात धरून. तिचं बघून सोनालीने माझा पाय धरला तो सोडेना. रिक्षावाला हॉर्न वाजवून दमला. तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली. 
तालीम झकास झाली. पण हे रडणं सरावाचं. खरं सतरा तारखेला, सुट्टी संपेल तेव्हा, स्टेशनवर.

५ ऑगस्ट, मंगळवार.
भिंतीपलीकडे लूम. रात्रभर खटाखट. हिलाल म्हणतो, आवाज बंद पडला की त्याला जाग येते.
निरोप नाही.

६ ऑगस्ट, बुधवार.
निरोप नाही. हिलालची मिरचीची भाजी खाऊन पोट बिघडलं. रेकी करायला नवागामला, आमच्या गल्लीत गेलो. घरासमोरच्या पानाच्या गल्ल्याआड, म्हणजे टपरीआड, उभा राहिलो, डोक्यावर टॉवेल. गल्लेवाला बोंबलला, रामदासभाई, घरे नथी जवानुं? घरी जायचं नाही का, म्हणे. अख्खी गल्ली वळून बघायला लागली. म्हटलं, मी ड्यूटीवर आहे.
तेवढ्यात दिसलं ते दिसलं. साड्यांचे गठ्ठे आले होते, तारा मोजून घेत होती आणि शेजारणीशी गप्पा मारत होती. पाणी भरलेलं. माय ओट्यावर गहू निवडत होती. नवरा सीमेवर आणि घरात हे असं.

७ ऑगस्ट, गुरुवार.
हिलालला डबा आणायला घरी पाठवला. रिकाम्या हाताने आला. तारा म्हणाली म्हणे, काश्मीरला डबा कसा पोचेल, भावजी? घरी सगळे मजेत आहेत. थंडी सांभाळा म्हणावं.
हिलाल हे सांगताना हसत होता. याला म्हणतात आपलेच दात आपलेच ओठ. तालीम मी काढली, हुकूम माझा, आणि तारा तो माझ्यावरच चालवते.

१० ऑगस्ट, रविवार.
आज कानबाईचा सण. तारखा ठरवताना मी विसरलो असं ताराचं म्हणणं. विसरलो नव्हतो. मुद्दाम अवघड परीक्षा ठेवली.
पण आमच्या खानदेशात कानबाईला भाऊबंद असेल तिथून घरी येतो. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने गव्हाची सव्वा मूठ घालतात, त्याचे रोट करतात. बाहेरच्याला त्यातला घासही देत नाहीत. म्हटलं, मी नाही तर माझी मूठ घातली की नाही, निदान तेवढं तरी तपासायला हवं.
दारात पाऊल टाकलं आणि सोनाली आतून धावत आली. पप्पा पोस्टिंगवरून आले, असं ओरडत. मराठीत. अंगावर उडीच मारली. चार-पाच भाऊबंद बसले होते, सगळ्यांनी पाहिलं. मी तोंडातल्या तोंडात म्हटलं, एक्सरसाइज यशस्वी.
माझी मूठ माझ्या मायने सगळ्यात आधी घातली होती. रोट-खीर पोटभर खाल्ली. सोनाली जेवण होईपर्यंत मांडीवरून उठली नाही.
रात्री तारा म्हणाली, झाली तालीम, आता राहा. जीव फार झाला राहायला. पण ऑर्डर शुक्रवारपर्यंतची. आज मोडली तर उद्या मला कोण जुमानणार? परत निघालो. सोनालीने दारातूनच टाटा केला, पाय वगैरे धरला नाही. आठवड्यात पोरीला किती हिंमत आली.

१३ ऑगस्ट, बुधवार.
कतारगाम. पाऊस. हिलाल सेकंड शिफ्टला. उगाच बसलोय. ऑर्डर म्हणजे ऑर्डर.

१५ ऑगस्ट, शुक्रवार.
एक्सरसाइज समाप्त. झेंडावंदन करून घरी आलो. सगळ्यांना ओळीत उभं करून सांगितलं की काही किरकोळ चुका सोडल्या तर घर पास झालं.
तारा भडकली. लग्नाला नऊ वर्षं झाली, असं बोललेली आठवत नाही. म्हणाली, मालकाकडून या आठवडाभराचं काम कमी घेतलं होतं. तुम्ही आहात म्हणून. सोनालीला डुमसचा दर्या दाखवायचा होता, तिघांनी जायचं होतं. ते दिवस तुम्ही हिलालच्या खोलीत मिरची खात काढले. बाटला मला लावता येतो, पाणी भरता येतं, शाळेत बोलता येतं. घर चालवायला मला नवरा नको होता. घरात बसायला पाहिजे होता.
मी म्हटलं, मग आधी सांगायचं. ती म्हणाली, तुम्ही ट्रेनिंग देत होता, बोलायला जागा कुठे होती.
मलाही राग आला. मी कोणासाठी केलं हे सगळं? जेवलो नाही. रात्री भूक लागली तेव्हा डब्यात भाकरी झाकून ठेवलेली होती. ती खाल्ली. राग कायम आहे.

१६ ऑगस्ट, शनिवार.
डुमसला जायचं ठरवलं. धो धो पाऊस. ट्रंक भरली.

१७ ऑगस्ट, रविवार. गाडीत.
सुरत स्टेशनला गाडी लेट. तेवढाच वेळ जास्त मिळाला. तिघी आल्या होत्या. मी ताठ उभा राहिलो, यांना मोकळं रडता यावं म्हणून चेहरा कडक ठेवला.
कोणी रडेना. माय तेवढी माझा हात धरून उभी. शेवटी मीच ताराला हळू आवाजात म्हटलं, रडायचं असेल तर रड, लोकांचं मनावर घेऊ नको. ती म्हणाली, मी चार तारखेला रडले. तुम्हीच म्हणालात सगळं खऱ्यासारखं. खरंच तुम्ही गेलात असं समजून दोन दिवस जेवण गेलं नाही मला. आता पुन्हा कुठून आणू?
मी ट्रंकेचं कुलूप पुन्हा एकदा ओढून बघितलं.
सोनालीला उचललं. बिस्किट खात होती. म्हटलं, आता पप्पा पोस्टिंगवर चालले. तिने मान हलवली. म्हणाली, हिलालकाकाकडे ना? मग रविवारी ये.
मला सांगायचं होतं की ही पोस्टिंग वेगळी आहे, लांबची आहे. मी म्हटलं, हो. येतो रविवारी.
ती खुशीत खाली उतरली. गाडी हलली तरी टाटा करत होती, हसत. फलाट संपेपर्यंत हसत होती.
भरूच गेलं. वडोदरा गेलं. चीड येतेय. हिलालची, ताराची, त्या रेग्युलेटरची. नाही, माझीच येतेय, लिहून टाकतो. येत्या रविवारी ती दारात येऊन बसेल. तेव्हा ताराने तिला काय सांगायचं, तेवढंच शिकवायचं राहिलं.